छापलेले मत आणि वागण्यातले मत

मराठी साहित्याच्या अभ्यासात एक वाक्य आपण फार सहजपणे लिहितो : 'तत्कालीन समाजमत असे होते.' एकोणिसाव्या शतकातील कादंबरीवरील प्रबंध असो की एखाद्या आत्मचरित्राची प्रस्तावना असो, पार्श्वभूमीच्या प्रकरणात हे वाक्य हमखास येते. त्याला आधार म्हणून एखाद्या वृत्तपत्राचा अग्रलेख, एखाद्या सभेचा वृत्तान्त किंवा एखाद्या सुधारकाचे पत्र दिलेले असते. आधार खोटा नसतो, पण तो पुरेसा असतो का, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले, भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' १८४१ साली. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात याच 'प्रभाकर'मधून प्रसिद्ध झाली. म्हणजे छापील मताची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. मात्र ती लिहिणारे आणि वाचणारे लोक संख्येने मूठभर होते. उरलेल्यांना मते नव्हती असे कोणी म्हणणार नाही. ती कोठे शोधायची, एवढाच प्रश्न आहे.

माणसे काय बोलली याची नोंद मिळत नसेल, तर ती कशी वागली हे पाहावे, असे एक साधे उत्तर सुचते. ते बरेच उपयोगी आहे, पण निर्दोष नाही. यंत्र, खेळ, विवाह आणि भांडवल या चार विषयांवर माणसे एरवी चावडीवर, ओट्यावर, पुढे गाडीच्या डब्यात बोलतच असतात. या चार विषयांतील चार प्रकरणे येथे घेतली आहेत. चारही मुंबई–पुणे परिसरातील, १८५३ ते १९४६ या काळातील आहेत.

पहिले प्रकरण आगगाडीचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, तीन इंजिने आणि एकवीस मैलांचे अंतर, हा तपशील शाळकरी मुलांनाही पाठ असतो. गाडी सुरू करणाऱ्या कंपनीला सरकारने गुंतवणुकीवर पाच टक्के परताव्याची हमी दिली होती, हा तपशील मात्र कमी सांगितला जातो. हमी मागण्यामागे अनेक कारणे होती. हिंदुस्थानातील लोक गाडीत बसतील की नाही ही शंका त्यांतलीच एक. सोवळेओवळे मानणारा, एका पंगतीला न बसणारा समाज एका बाकावर कसा बसेल, असा तो तर्क होता. पूल टिकावा म्हणून नरबळी देतात, अशा अफवाही बांधकामाच्या दिवसांत उठत. केवळ अशा अफवा आणि तर्क वाचून 'समाजमत' ठरवले, तर हा समाज यंत्राला भ्यालेला, यंत्रविन्मुख होता असा निष्कर्ष निघेल.

प्रत्यक्षात लोक गाडीत बसले, आणि सर्वांत जास्त बसले ते तिसऱ्या वर्गात. कंपन्यांच्या प्रवासी उत्पन्नाचा कणा पुढे हाच वर्ग ठरला. पण याचाही अर्थ 'लोकांनी रूढी सोडल्या' असा करता येत नाही. घरून बांधून आणलेली शिदोरी, स्थानकावर हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी वेगळे ठेवलेले पाणी, घरी परतल्यावरचे स्नान, या सगळ्यांसह तो प्रवास होत असे. लोकांनी गाडी घेतली ती आपल्या अटींवर. पंढरपूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १९०६ साली पंढरपुरास पोहोचली. पायी वारी थांबली नाही, आणि गाडीही रिकामी राहिली नाही. पायी जावे आणि परतताना वाहन धरावे, ही वाटणी वारकऱ्यांनी केली. जाण्याचा रस्ता साधनेचा, परतीचा सोयीचा. यंत्राविषयीचे हे एक सुस्पष्ट आणि विचारपूर्वक ठरवलेले मत आहे. ते कोणी अग्रलेखात मांडले नाही, पण लाखो पायांनी ते दरवर्षी नोंदवले.

याच सुमारास, १९०९ साली, गांधीजींनी 'हिंद स्वराज'मध्ये आगगाडीवर कठोर टीका केली आणि त्यानंतरची कितीतरी वर्षे त्याच गाडीच्या तिसऱ्या वर्गातून देश पाहिला. ही विसंगती दाखवून त्यांना कोपऱ्यात गाठण्यात काही अर्थ नाही. मत आणि वागणे यांत अंतर असणे हा ढोंगाचाच पुरावा असतो असे नाही. पुष्कळदा त्या अंतरातच माणसाचा खरा विचार चाललेला असतो. १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासातील हालांवर त्यांनी जे लिहिले, ते त्या बाकावर न बसणाऱ्याला लिहिता आले नसते.

पहिल्या प्रकरणातून एवढे मिळते की छापील तर्कापेक्षा वागणे अधिक विश्वसनीय आहे. दुसऱ्या प्रकरणात या निष्कर्षाला पहिला तडा जातो, कारण तेथे वागणेच दुभंगलेले आहे.

मुंबईत क्रिकेट प्रथम पारशांनी उचलले. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यांत १९०७ पासून हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर ती चौरंगी, आणि १९३७ मध्ये 'इतर' म्हणून ख्रिस्ती वगैरेंचा संघ आल्यावर पंचरंगी झाली. या इतिहासाच्या मध्यभागी पळवणकर बाळू हे डावखुरे फिरकी गोलंदाज उभे आहेत. ते चांभार जातीचे. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात मैदानाची देखभाल करता करता गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी टाकावी, हे त्यांचे सुरुवातीचे काम होते. पुण्यातील हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, त्यामुळे बाळूंना घेणे भाग पडले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांनी हाताळला, पण चहाच्या वेळी त्यांना वेगळ्या, वापरून टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि तोही बाहेर.

येथे 'वागण्यावरून मत ओळखावे' या सूत्राचे काय होते? त्याच दिवशी, त्याच माणसांनी, त्याच माणसाशी दोन प्रकारे वर्तन केले. चेंडूचा स्पर्श चालतो, कपाचा चालत नाही. यांतले खरे मत कोणते? एक खरे आणि एक दिखाऊ असे म्हणून सुटका होत नाही. दोन्ही खरी होती. जिंकण्याची इच्छा खरी होती आणि विटाळाची भावनाही खरी होती. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, तेव्हा 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या साप्ताहिकाने जातिबंधने सैल होण्याच्या दिशेने पडलेले पाऊल म्हणून त्या विजयाचे स्वागत केले. ते स्वागत प्रामाणिक होते. तरीही १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. आत्मचरित्रांच्या आपल्या अभ्यासक्रमांत ते सहसा भेटत नाही. खेळाडूचे पुस्तक म्हणून ते बाजूला पडते. पण जातीविषयीचे मत कागदावरून मैदानावर येताना कोठे अडते आणि कोठे वाट काढते, हे आतून सांगू शकणारी साधने आपल्याकडे इतकी मुबलक नाहीत की त्यांतले एक असे वगळावे.

या स्पर्धेच्या शेवटाकडे पाहिले तर मत आणि वर्तन यांचे नाते आणखी गुंतलेले दिसते. धर्मवार संघांची ही स्पर्धा बंद व्हावी, असे गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरात सांगितले. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही, पण पुढल्या वर्षी परतला. १९४३ च्या अंतिम सामन्यात 'इतर' संघाच्या विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या. समोर हिंदू संघ होता आणि त्याच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढल्या होत्या. धर्मवार स्पर्धेविरुद्ध लिहिले जात होते आणि धर्मवार स्पर्धा पाहायला गर्दीही होत होती. ज्याने तिकीट काढले त्याने धार्मिक तेढीला मत दिले, असे म्हणता येईल का? त्यातील अनेकांनी फक्त हजारे आणि मर्चंट यांना मत दिले असेल. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद झाली. तिकीट काढण्याच्या कृतीतून हेतू वाचता येत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे.

तिसरे प्रकरण रखमाबाईंचे. त्यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले, पण त्या माहेरीच राहिल्या. त्यांना बोलावून घेण्याचा प्रयत्न फसल्यावर पतीने १८८४ मध्ये वैवाहिक हक्क परत मिळावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर खटला पुन्हा चालला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, पतीकडे राहायला जा नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. पुढे रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घ काळ सेवा केली.

या खटल्याने मराठी वृत्तपत्रसृष्टी ढवळून काढली. एका बाजूला मलबारींसारखे सुधारक, दुसऱ्या बाजूला धर्मात सरकारने हात घालू नये म्हणणारे टिळक. 'केसरी'च्या घरातही सामाजिक प्रश्नांवरील मतभेद विकोपाला गेले. आगरकर १८८७ मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. साहित्येतिहासात हे सर्व येते. फारसे न येणाऱ्या दोन गोष्टी मात्र येथे महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट कायद्याची. पत्नीला न्यायालयाच्या हुकमाने पतीच्या घरी पाठवणे, ही तरतूद धर्मशास्त्रातून आलेली नव्हती. ती इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेली होती, आणि पिन्हे यांनी आपल्या निकालात हे स्पष्ट केले होते. म्हणजे हिंदू धर्माच्या रक्षणासाठी जे लेखणी चालवत होते, ते एका इंग्रजी कायद्याच्या बाजूने लढत होते. दुसरी गोष्ट जातीची. रखमाबाई सुतार समाजातल्या. त्यांच्या आई जयंतीबाई तरुणपणी विधवा झाल्या आणि पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्या समाजात त्याला आडकाठी नव्हती. महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत पाट लागे, मोहतूर लागे, काडीमोड होई, आणि हे सर्व जातपंचायतीपुढे होई. एकीकडे १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यावर शास्त्रार्थ चालू असताना दुसरीकडे हजारो घरांत तो प्रश्न कधी उपस्थितच झालेला नव्हता. तेव्हा 'एकोणिसाव्या शतकातील हिंदू समाजाचे विवाहविषयक मत' असे आपण लिहितो, तेव्हा खरे पाहता लिहित्या जातींचे मत साऱ्या समाजाच्या नावावर मांडत असतो.

आणखी एक फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह आणि वैधव्य यांवर जी पत्रे लिहिली, ती स्वतःच्या नावाने नव्हे, 'एक हिंदू स्त्री' या सहीने. इतरांना त्यांच्याविषयी उघड लिहिता येत होते आणि त्यांना स्वतःच्या आयुष्याविषयी टोपणनावाने लिहावे लागत होते. त्याआधी तीनच वर्षे, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक स्वतःच्या नावाने काढले. सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याच्या निमित्ताने स्त्रीजातीवर झालेल्या दोषारोपांना ते उत्तर होते. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. मत मांडण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. अग्रलेख लिहिणाऱ्याला रखमाबाईंच्या खटल्यावर मत देताना फार तर काही वर्गणीदार गमवावे लागले असते. रखमाबाईंच्या मताची किंमत सहा महिन्यांची कैद होती. दोन्ही मते इतिहासात शेजारी शेजारी ठेवताना हा फरक पुसला जाता कामा नये.

चौथे प्रकरण मुळशीचे. टाटांच्या वीज कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधून ते पाणी कोकणाच्या बाजूस उतरवायचे आणि त्यावर निर्माण होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, असा उद्योग आरंभला. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर मुळा–नीला नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण ठरले. त्यात सुमारे पन्नास गावे बाधित होणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकार खासगी कंपनीसाठी जमीन घेत होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पहिली आगगाडी सुटल्याला त्या दिवशी बरोबर अडुसष्ट वर्षे झाली होती. कंपनीने काही काळ काम थांबवले आणि पुन्हा सुरू केले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. तुरुंगवास, मारहाण, पुन्हा सत्याग्रह असे तीन वर्षे चालले. १९२४ मध्ये बापटांनी कामावर जाणारी गाडी अडवून गोळीबार केला आणि त्यांना दीर्घ शिक्षा झाली. धरण पूर्ण झाले, वीज मुंबईस गेली.

मोठ्या भांडवलाविषयीचे त्या काळचे छापील मत कसे होते? ते सरळ नव्हते. स्वदेशीच्या चळवळीला पंधरा-सोळा वर्षे झाली होती. टाटांचा उद्योग हा देशी उद्योग, त्याच्याविषयी अभिमान, आणि उजाड होणारा शेतकरीही देशीच. पुण्यातल्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनी मावळ्यांची बाजू घेतली, शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे वंशज म्हणून त्यांचा गौरव केला. मात्र राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याच्या अभ्यासात दाखवले आहे की पेट्यातील पुष्कळ जमीन पुण्यातल्या सावकारांच्या हाती गेलेली होती, आणि त्यांतील अनेकांना भरपाई हवी होती. जमीन कसणारा एक, कागदोपत्री धनी दुसरा. 'जमीनमालकांची संमती' हा शब्दप्रयोग अशा ठिकाणी फारच निसरडा होतो. धन्याने पैसे घेतले म्हणजे कुळाचे मत बदलले असे नव्हे.

आणि शेवटी कुळांनीही, लहान शेतकऱ्यांनीही, मिळेल ती भरपाई घेऊन गाव सोडले. येथे आपले मूळ सूत्र पुरते कोसळते. वागण्यावरून मत वाचायचे ठरवले, तर या माणसांनी धरणाला संमती दिली असे नोंदवावे लागेल. सरकारी दप्तरात नोंद होते ती भरपाईची. खाचरांत पाणी चढू लागल्यावर उठलेल्या माणसाच्या उठण्याला संमती म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे. वारकरी परतीला गाडीत बसला, तेव्हा त्याला चालत येण्याचा पर्याय होता. मुळशीच्या शेतकऱ्याला घरी राहण्याचा पर्याय उरला नव्हता. दोघांचेही वर्तन आपल्याला दिसते, पण एकाचे मत म्हणून वाचता येते, दुसऱ्याचे येत नाही.

तेव्हा 'तत्कालीन समाजमत' हे शब्द लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून पाहाव्यात, एवढेच या चार प्रकरणांवरून सुचवता येईल. पहिली, हे मत कोणत्या लिहित्या वर्गाचे आहे, आणि त्याच काळात न लिहिणारे कसे वागत होते. दुसरी, ते मत बाळगण्यासाठी त्या माणसाला काय मोजावे लागले. तिसरी, त्याला वेगळे वागणे शक्य होते का. पहिल्या प्रश्नाने पाट आणि काडीमोड दिसू लागतात, दुसऱ्याने रखमाबाई आणि त्यांचे टीकाकार यांच्यातील अंतर, तिसऱ्याने मुळशीची भरपाई. पळवणकर बाळूंचा मातीचा कप मात्र तिन्ही प्रश्नांना पुरून उरतो. तेथे एकाच मनात दोन मते सुखाने नांदताना दिसतात.

साहित्याच्या अभ्यासकाचे काम नेमके येथे सुरू होते, असे वाटते. अग्रलेखाला एक मत लागते, कायद्याला एक निकाल लागतो, दप्तराला एक आकडा लागतो. एका मनात दोन मते ठेवून जगणाऱ्या माणसाला जागा असते ती आत्मचरित्रात, पत्रांत, कथा-कादंबरीत. या साधनांकडे आपण समाजमताचे उदाहरण म्हणून पाहतो. समाजमताची परीक्षा म्हणून ती वाचली, तर वर्गात शिकवली जाणारी पार्श्वभूमीची प्रकरणे कदाचित आपल्याला नव्याने लिहावी लागतील.